वाचकांचे प्रश्न : सही करण्यापूर्वी

गेल्या अंकात मी प्रादेशिक संशोधन-भागीदारीवर लिहिलं होतं. एक मोठं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्या भोवतालची छोटी रुग्णालयं, दवाखाने, प्रयोगशाळा यांनी एकत्र येऊन रुग्णांसोबत संशोधन करायचं, अशी ती रचना. लेखावर बरीच पत्रं आली आणि त्यातली निम्म्याहून अधिक लहान रुग्णालयांतून आली, याचा मला फार आनंद झाला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सहा पत्रं निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी डॉक्टर नाही. स्टडी नर्स, म्हणजे संशोधनात सहभागी रुग्णांचं काम बघणारी नर्स, म्हणून मी २२ वर्षं काम केलं आणि त्यातली शेवटची ९ वर्षं एक महाविद्यालय व ११ लहान रुग्णालयं यांच्या भागीदारीची समन्वयक होते. इथे जे लिहिते ते त्या टेबलावरून दिसलेलं आहे.

प्रश्न : आमचं ६० खाटांचं रुग्णालय आहे. एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाने आम्हाला 'संशोधन भागीदार' होण्याचं निमंत्रण दिलंय, सोबत चार पानांचा सामंजस्य करार आहे. आमच्यापैकी कुणीच आजवर रुग्णांवर औषध तपासणारी चाचणी केलेली नाही. सही करावी का? आणि खरं सांगायचं तर, एवढ्याशा जागेतून संशोधनाला मिळणार तरी काय? – एक फिजिशियन

डॉक्टर, दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यावरच उभं आहे.

१९८० च्या सुमारास हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला स्ट्रेप्टोकायनेज द्यावं की नाही, यावर एकमत नव्हतं. गुठळी विरघळवणारं हे औषध नवं नव्हतं. त्यावर लहानसहान अभ्यासही झाले होते, पण एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळत नव्हता. मग इटलीत रुग्णालयांमधल्या हृदयरोगतज्ज्ञांची संघटना आणि मिलानची मारिओ नेग्री संस्था यांनी मिळून १७६ हृदयरोग कक्ष एका चाचणीत आणले. १९८४ मध्ये सुरुवात झाली, १७ महिन्यांत ११,८०६ रुग्ण सहभागी झाले. २१ दिवसांत औषध न मिळालेल्यांपैकी १३ टक्के दगावले, मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के. 'जिस्सी' या नावाने ही चाचणी ओळखली जाते, आणि तिच्यानंतर झटक्यावरचे उपचार बदलले.

आता भागाकार करून बघा. एका कक्षामागे सरासरी ६७ रुग्ण, म्हणजे महिन्याला चार. तुमच्याकडे महिन्याला चार रुग्ण येत असतील ना? त्या १७६ पैकी कुठल्याही एका कक्षाने एकट्याने हा अभ्यास केला असता, तर हाती एखाद-दुसऱ्या माणसाचा फरक आला असता आणि तो योगायोग म्हणून सोडून द्यावा लागला असता. शंभरात दोन-तीन जीव वाचवणारा उपचार एका इमारतीत बसून दिसत नाही. तो दिसायला अनेक इमारती लागतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा तुमच्यासारख्याच असतात.

आणखी एक गोष्ट मला डॉक्टरांपेक्षा नर्सेसकडून जास्त ऐकायला मिळाली. मोठ्या रुग्णालयात पोचणारा रुग्ण चाळून आलेला असतो. ज्याला प्रवास झेपला, ज्याच्यासोबत यायला कुणी होतं, ज्याला कुणीतरी वेळेत चिठ्ठी दिली, तोच तिथे पोचतो. उशिरा येणारे, एकटे, वयाने थकलेले, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार दोन्ही घेऊन जगणारे लोक तुमच्याकडे थांबतात. औषध शेवटी त्यांनाच द्यायचं असतं, आणि चाचणीत नेमके तेच नसतात. तुमच्या ६० खाटांतून संशोधनाला काय मिळेल, तर हे लोक मिळतील.

आता सही. करार चार पानांचा आहे म्हणता. त्यात 'समन्वयक' हा शब्द कुठे आहे ते शोधा. नसेल तर अजून सही करू नका. रुग्णांना अभ्यास समजावून सांगणं, संमती घेणं, रक्त वेळेवर सेंट्रीफ्यूजमध्ये (रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) घालणं, फॉलो-अपच्या तारखा सांभाळणं ही पूर्णवेळची कामं आहेत. ती 'तुमची एखादी सिस्टर बघेल' या वाक्यावर सोडलेली असतील, तर सहा महिन्यांत ती सिस्टर आजारी पडेल किंवा नोंदी खोट्या होऊ लागतील. पगार कोण देणार, किती काळ देणार, आणि दोन अभ्यासांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत तिचं काय होणार, हे लिहून घ्या. मधल्या महिन्यांचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. निधी थांबतो, शिकलेलं माणूस निघून जातं आणि पुढच्या अभ्यासाला पुन्हा पाटी कोरी. माझ्या ११ पैकी ३ रुग्णालयं आम्ही अशीच गमावली.

नमुन्यांचं विचारा. रक्ताचे नमुने उणे ८० अंशांवर ठेवायचे म्हटलं की फ्रीझर येतो, पण फ्रीझरबरोबर आणखी कायकाय यावं लागतं ते करारात नसतं. एका रुग्णालयात आमचा फ्रीझर शनिवारी रात्री बंद पडला. अलार्म वाजत होता, पण बंद खोलीत. अलार्मच्या यंत्रात जो फोन नंबर भरलेला होता तो यंत्र बसवून गेलेल्या तंत्रज्ञाचा होता. सोमवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा चार महिन्यांचे नमुने पाणी झाले होते. त्यातल्या प्रत्येक नळीवरचा क्रमांक कुणाचा हे मला ठाऊक होतं, कारण ती टोचणी माझ्या हातची होती. तेव्हापासून मी कुठल्याही नव्या जागी गेले की पहिला प्रश्न विचारायचे : रविवारी पहाटे तीन वाजता हा अलार्म कुणाच्या उशाशी वाजणार आहे?

प्रश्न कुणी निवडला, हेही विचारा. महाविद्यालयाने अभ्यास आधीच ठरवलेला असेल आणि तुम्ही फक्त रुग्ण पुरवायचे असतील, तर त्याला भागीदारी न म्हणता पुरवठा म्हणावं. पहिला अभ्यास त्यांचा असायला हरकत नाही, शिकायला तो बरा. पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी तुमच्या ओपीडीतला एक प्रश्न घेतला जाईल असं वाक्य करारात असू द्या. आणि तुमच्या रुग्णांची माहिती तुम्हाला परत, वापरता येईल अशा रूपात मिळेल, असं दुसरं वाक्य.

शेवटचं, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून सांगते. आधी मोजा. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ लुईस लसाग्ना यांच्या नावाने एक नियम सांगितला जातो : चाचणी सुरू झाली की त्या आजाराचे रुग्ण एकाएकी कमी होतात आणि चाचणी संपली की परत दिसू लागतात. गंमत वाटते, पण कारण साधं आहे. आपण अंदाज करतो तेव्हा आजार असलेला प्रत्येक माणूस धरतो. निकष लावले, नकार वजा केले, रात्री आलेले आणि कुणी नोंदच न केलेले वजा केले की चौथा हिस्सा उरतो. म्हणून सही करण्यापूर्वी तीन महिने नुसती वही ठेवा. कोण आलं, वय काय, किती वाजता, निकषांत बसलं का, नसल्यास का नाही. ही वही घेऊन महाविद्यालयासमोर बसाल तेव्हा बोलणं बरोबरीने होईल.

प्रश्न : मी प्रयोगशाळेत काम करते. आमच्या गटाच्या प्रत्येक अर्जात 'ट्रान्सलेशनल', म्हणजे प्रयोगशाळेतला शोध रुग्णापर्यंत नेणारं, हा शब्द असतो, पण गेल्या पाच वर्षांत मी एकही रुग्ण पाहिलेला नाही. दूरदूरच्या रुग्णालयांशी जोडून घ्या असा आग्रह आता वरून होतोय. आमच्या कामाला त्याची खरंच गरज आहे का? – एक संशोधक विद्यार्थिनी

आहे. का, ते एका उदाहरणातून सांगते. माझ्या मते या विषयात याहून चांगलं उदाहरण नाही.

१९६० साली रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडलं की आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात तेव्हा सोडियमही सोबत आत जातं. निव्वळ प्रयोगशाळेतलं काम. कॉलऱ्यात शरीरातलं पाणी आणि क्षार वाहून जातात हे माहीत होतंच. म्हणजे साखर आणि मीठ एकत्र पाजलं तर पाणी शोषलं जाईल, असं कागदावर तरी दिसत होतं. १९६८ मध्ये ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन, रिचर्ड कॅश आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष रुग्णांवर हे दाखवून दिलं की तोंडाने दिलेल्या द्रावणामुळे शिरेतून द्यावं लागणारं सलाइन खूप कमी होतं.

तुमच्यासारख्या गटाला इथे वाटतं की झालं काम. पेपर आला, सिद्ध झालं. पण ते रुग्ण सुसज्ज वॉर्डात होते, त्यांच्या प्रत्येक मिलिलिटरचा हिशोब ठेवायला माणसं होती. तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. सलाइन संपत आलं होतं, जमिनीवर पसरलेल्या रुग्णांमधून वाट काढावी लागत होती. त्यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा अशी पाकिटं तयार करून घेतली आणि द्रावण पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांकडे दिलं. हे तोवर कुणी धजावलं नव्हतं. घरच्या माणसांच्या हाती उपचार द्यायचा म्हणजे तो बिघडणार, असाच समज होता. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.

क्रेन यांचा शोध आधी झाला नसता तर त्या पाकिटात काय घालायचं हे कळलं नसतं, हे खरंच. पण 'आई आपल्या मुलाला हे पाजू शकते का?' हा प्रश्न ना क्रेन यांच्या प्रयोगशाळेत विचारता आला असता, ना ढाक्याच्या वॉर्डात. तो छावणीतच विचारता येत होता, आणि जगभरातल्या घरांत ते द्रावण पोचलं ते त्याच उत्तरामुळे. तुम्ही जो रेणू अभ्यासता आहात त्याचाही असा एक प्रश्न कुठल्यातरी लहान रुग्णालयात पडून आहे.

तुम्हाला एकच सुचवते. तुमच्या गाइडना सांगून वर्षातले दोन आठवडे एखाद्या भागीदार रुग्णालयात जाऊन बसा. काही करू नका, फक्त नमुना घेतल्यापासून डब्यात बंद होईपर्यंत त्याच्याबरोबर फिरा. आमच्याकडे एक विद्यार्थी असा आला होता. त्याच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या ठरलेल्या कार्यपद्धतीत, 'रक्त घेतल्यापासून ३० मिनिटांच्या आत प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा करावा' असं होतं. त्याने पाहिलं की ओपीडीपासून सेंट्रीफ्यूजपर्यंत जायलाच, लिफ्ट धरून, २० मिनिटं लागतात. तो परत गेला आणि त्याने आधी हे तपासलं की दोन तासांनी काय बिघडतं. काही बिघडत नव्हतं. प्रोटोकॉल बदलला आणि पाच नव्या जागा अभ्यासात येऊ शकल्या.

प्रश्न : ताई, मी एका भागीदार रुग्णालयात कोऑर्डिनेटर आहे. चार अभ्यास, चार वेगवेगळ्या डेटा प्रणाली, चार पासवर्ड. रोज सकाळी भरलेल्या माहितीबद्दल वीस-तीस क्वेरी आलेल्या असतात, 'वजन दशांशात भरलेले नाही' अशा. रुग्णांशी बोलायला वेळच राहत नाही. मुख्य केंद्रातल्या, म्हणजे महाविद्यालयातल्या, लोकांना आमची कामं दिसतच नाहीत. सोडून द्यावं असं वाटतं. – एक स्टडी नर्स

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला 'तू' म्हटलेलं चालेल ना, तू ताई म्हटलंस म्हणून.

सोडू नकोस असं मी म्हणणार नाही. मी स्वतः एकदा सोडलं होतं आणि आठ महिन्यांनी परत आले. ते आठ महिने मला हवे होते. पण निर्णय घेण्याआधी एक गोष्ट कर, ती केल्याने आमच्याकडे खरंच फरक पडला होता.

दोन आठवडे तुझ्या वेळेची नोंद ठेव. अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाड : रुग्णाशी बोलणं, नमुने, फॉर्म भरणं, क्वेरी, फोन, फाइल शोधणं. मी ही नोंद आमच्या ११ जागांहून मागवली होती. ती जोडून प्रमुख संशोधकांच्या बैठकीत भिंतीवर लावली. कुणी काही बोललं नाही बराच वेळ. मग त्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंनी विचारलं, 'या फॉर्ममधल्या किती रकान्यांचं आपण शेवटी विश्लेषण करतो?' उत्तर कुणाला देता येईना. मग तिथेच बसून एकेक रकाना घेतला आणि प्रत्येकासमोर लिहिलं की हा कुठल्या तक्त्यात जाणार. ज्याच्यासमोर काही लिहिता आलं नाही तो खोडला. फॉर्म १४ पानांचा ५ पानांवर आला.

छोटा फॉर्म म्हणजे हलकं संशोधन, असं कुणी म्हणालं तर त्यांना 'रिकव्हरी' चाचणीची आठवण करून दे. ब्रिटनमध्ये कोविडच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, ही चाचणी सुरू झाली. १७५ हून अधिक रुग्णालयं होती आणि त्यातली बरीच साधी, संशोधनाची फारशी सवय नसलेली. डॉक्टर-नर्सना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, म्हणून अभ्यास मुद्दाम सुटसुटीत ठेवला : दाखल करताना थोडी माहिती, आणि मग २८ दिवसांनी किंवा घरी जाताना किंवा मृत्यू झाल्यावर एक फॉर्म. बस्स. तीन महिन्यांत, १६ जून २०२० ला, त्यांनी सांगितलं की डेक्सामेथासोन हे जुनं, साधं औषध जीव वाचवतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत साध्या उपचारावर ४१.४ टक्के दगावले होते, डेक्सामेथासोन दिलेल्यांत २९.३ टक्के. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता अशांना मात्र त्याचा फायदा झाला नाही, आणि हेही त्याच चाचणीने दाखवलं. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, दोन्ही एकाच छोट्या फॉर्ममधून.

चार अभ्यासांच्या चार प्रणाली हे मात्र तुझ्या हातात नाही, आणि याचा मला राग येतो. भागीदारी म्हणवणाऱ्या प्रत्येक केंद्राने एकच प्रणाली, एकच प्रशिक्षण आणि एकच संपर्क-माणूस ठरवायला हवा. प्रत्येक नवा अभ्यास त्या चौकटीत आला पाहिजे. जिथे प्रत्येक प्रोफेसर आपापली प्रणाली घेऊन येतो, तिथे त्या सगळ्यांमधलं समन्वयाचं ओझं शेवटच्या टोकाला बसलेल्या नर्सच्या खांद्यावर येतं. हे तुझ्या नावाने नव्हे, सगळ्या जागांच्या कोऑर्डिनेटरच्या नावाने लिहून दे. आपल्यातलं एक माणूस भागीदारीचे निर्णय घेणाऱ्या सुकाणू समितीवर असावं अशी मागणीही त्याच पत्रात कर. पाहुणी म्हणून नाही, मताधिकारासह. आम्हाला ते मिळवायला दोन वर्षं लागली. मिळाल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत आम्ही एक अभ्यास थांबवला, कारण त्यात ८० वर्षांच्या लोकांनी १२ वेळा रुग्णालयात यावं अशी अपेक्षा होती आणि ते येणार नाहीत हे खोलीतल्या फक्त एकीला माहीत होतं.

आणि रुग्णांशी बोलायला वेळ राहत नाही याचं तुला दुःख होतंय, हे वाचून मला बरं वाटलं. ज्या दिवशी ते दुःख होणार नाही त्या दिवशी खरंच सोड.

प्रश्न : आठ रुग्णालयांच्या अभ्यासाला आठ एथिक्स कमिट्यांची (सहभागी रुग्णांचं हित जपलं जातं का हे तपासणाऱ्या समित्यांची) मंजुरी लागते. एकीने बदल सुचवला की बाकी सात जणींकडे परत जावं लागतं. एकच कमिटी पुरेशी होणार नाही का? – संशोधन कार्यालयातील अधिकारी

तुमच्या देशाचा आणि संस्थेचा नियम आधी बघा. पण कल तुम्ही म्हणता त्याच दिशेने आहे. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निधीतून चालणाऱ्या बहुकेंद्री अभ्यासांना २०१८ पासून एकच समिती नेमावी लागते.

मी याच्या बाजूने आहे, एका अटीवर. एकाच समितीने प्रोटोकॉल तपासावा, पण प्रत्येक जागेहून एक माणूस तिथली परिस्थिती सांगायला बोलावलेला असावा. संमतिपत्राची भाषा तिथल्या लोकांना कळते का, रात्री काही झालं तर रुग्णाने कुठे जायचं, अभ्यास करणारा डॉक्टरच जिथे गावातला एकमेव डॉक्टर आहे तिथे रुग्ण खरंच 'नाही' म्हणू शकतो का. हा शेवटचा प्रश्न मोठ्या संस्थेतल्या समितीला सुचत नाही. लहान जागी तो रोजचा आहे. आमच्याकडे अशा ठिकाणी संमती घ्यायला दुसऱ्या रुग्णालयाची नर्स जायची, डॉक्टर खोलीबाहेर थांबायचे.

प्रश्न : आम्ही ४० रुग्ण दिले, पेपरमध्ये आमचं नाव आभारातही नाही. काय करावं? – एक शल्यचिकित्सक

या पेपरबाबत संबंधित संपादकांना लिहा, निदान आभारात दुरुस्ती होऊ शकते. पुढच्या वेळी मात्र लेखकत्वाचा नियम पहिला रुग्ण येण्याआधी लिहून घ्या. वर सांगितलेला इटलीचा अभ्यास कुणा व्यक्तीच्या नव्हे, गटाच्या नावाने छापला गेला. मला ती पद्धत सगळ्यात न्याय्य वाटते. आणि नुसते रुग्ण देऊन थांबू नका. विश्लेषणाच्या बैठकीला जाऊन बसा, मसुदा मागा, त्यावर लिहा. लेखक म्हणवून घ्यायचा हक्क तिथून सुरू होतो.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझ्या आईचं रक्त एका अभ्यासासाठी घेतलं. पाच वेळा बोलावलं, ती पाचही वेळा गेली. नंतर कुणाचा फोन नाही, पत्र नाही. आता आई नाही. त्या रक्ताचं काय झालं हे विचारायचा मला अधिकार आहे का? – एक मुलगा

विचारायला हवं, आणि तुम्हाला विचारावं लागतंय याची मला लाज वाटते. मी तुमच्या आईला ओळखत नाही, पण पाचही वेळा येणारी माणसं मला माहीत आहेत. सगळं संशोधन त्यांच्यावर उभं आहे.

जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात, २०१३ च्या आवृत्तीत, हे स्पष्ट लिहिलेलं आहे की सहभागी झालेल्या प्रत्येकाला अभ्यासाचा एकूण निष्कर्ष कळण्याचा पर्याय दिला पाहिजे. लिहिलेलं आहे, तरी होत नाही. कारण अभ्यास संपतो तेव्हा निधीही संपतो आणि घरोघरी सांगायला जायचा खर्च कुणी धरलेलाच नसतो. आम्ही पुढे पुढे प्रत्येक अंदाजपत्रकात 'निकाल कळवणे' ही वेगळी ओळ घालू लागलो. ती ओळ खोडायला सांगणारे भेटले, आम्ही खोडली नाही.

आणि न सांगण्याचे परिणाम किती लांब जातात तेही सांगते. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीत मधुमेह फार होता. १९९० च्या सुमारास ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं. लोकांची समजूत होती की ते मधुमेहासाठी आहे. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा, जमातीच्या मूळ स्थलांतराचाही अभ्यास झाला. हे जमातीला कळलं ते एका व्याख्यानात हजर असलेल्या त्यांच्यातल्याच एकीमुळे, २००३ मध्ये. खटला चालला. २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर भरपाई दिली आणि उरलेले नमुने परत केले. जमातीच्या लोकांनी ते आपल्या घरी नेले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि योग्य प्रक्रिया अशी तिची पाच तत्त्वं आहेत. संशोधकांनी परत येऊन काय सापडलं ते सांगावं, दिलेला शब्द पाळावा, हेही त्यात मागितलेलं आहे.

तुम्ही असं करा. आईच्या कागदांत माहितीपत्रक आणि संमतिपत्राची प्रत आहे का बघा. त्यावर अभ्यासाचं नाव, प्रमुख संशोधकांचं नाव आणि बहुतेक वेळा एथिक्स कमिटीचा संपर्क असतो. प्रत सापडली नाही तरी ज्या रुग्णालयात रक्त घेतलं तिथे आईचं नाव आणि साधारण तारीख सांगितली तर नोंद निघू शकते. पत्र संशोधकांना लिहा, प्रत कमिटीला पाठवा. चार गोष्टी विचारा : अभ्यास पूर्ण झाला का, काय निष्पन्न झालं, नमुना अजून कुठे ठेवलेला आहे का, आणि असल्यास कुठल्या कामासाठी. निष्कर्ष साध्या भाषेत पाठवावा असं स्पष्ट लिहा. नमुना पुढे वापरायला आईने संमती दिली होती का तेही विचारा. ती दिली नसेल आणि तुम्हाला नको असेल, तर तो नष्ट करावा किंवा परत द्यावा असं म्हणू शकता. ते कितपत शक्य आहे हे तिथल्या नियमांवर ठरेल, पण कमिटीकडून उत्तर मिळावं असा आग्रह धरा.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर या सदराच्या पत्त्यावर मला लिहा. अशी पत्रं कशी लिहायची आणि कुणाच्या टेबलावर ठेवायची हे मला माहीत आहे, ते मी तुमच्यासाठी करीन. आणि उत्तर आलं, तर त्यात काय होतं तेही कळवा.